अंगठा देणे, अंगठा दाखवणे

शरीराच्या खुणांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राला बायोमेट्रिक्स म्हणतात. या शास्त्राचा परिचय करून देणारा एक इंग्रजी लेख जानेवारी २००४ मध्ये 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेच्या एका संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. अनिल जैन, अरुण रॉस आणि सलील प्रभाकर हे त्याचे लेखक. लेख स्वच्छ आहे, प्रामाणिक आहे आणि माझ्यासारख्या, संगणकशास्त्राचा वर्ग कधी न पाहिलेल्या माणसालाही कळेल असा आहे. त्यात एक तक्ता आहे. चेहरा, बोटांचे ठसे, बुबुळ, आवाज, सही, चाल, इतकेच काय अंगाचा गंध अशा खुणा एकाखाली एक मांडल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे सात कसोट्या: ती सगळ्यांपाशी असते का, माणसागणिक वेगळी असते का, टिकते का, टिपता येते का, यंत्रात कशी चालते, लोक ती स्वीकारतात का आणि तिला फसवता येते का. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक अक्षर: उच्च, मध्यम किंवा कमी. स्वीकाराच्या रकान्यात चेहऱ्याला उच्च, बोटांच्या ठशांना मध्यम आणि बुबुळाला कमी असे गुण आहेत.

तक्त्याखालची ओळ फार कमी लोक वाचतात. ती सांगते, की हे गुण लेखकांच्या स्वतःच्या समजुतीनुसार दिले आहेत.

लेखकांनी हे लपवलेले नाही, म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण वेगळेपण किंवा टिकाऊपण यांबद्दल प्रयोगशाळेत बसून मत देणे निराळे आणि 'लोक स्वीकारतात का' याबद्दल देणे निराळे. हा प्रश्न लोकांना विचारावा लागतो. आणि विचारला, तरी 'नाही' म्हणणाऱ्याचे पुढे काय होते हे ठाऊक नसेल, तर आलेल्या 'हो'ची किंमत करता येत नाही. या विषयावरच्या लिखाणात सुरक्षितता आणि जनस्वीकृती अशी दोन वेगळी प्रकरणे असतात. पहिल्यात यंत्राला फसवणारा लबाड माणूस असतो, दुसऱ्यात यंत्राला बिचकणारा अडाणी माणूस. दोन्हीकडे संशयित माणूसच. ही विभागणी मला मुळातच चुकीची वाटते. ती का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत अंगठा 'देणे' म्हणजे मान्य करणे आणि अंगठा 'दाखवणे' म्हणजे देऊ केलेले ऐन वेळी नाकारणे, हातावर तुरी देणे. एकाच बोटात संमतीही आहे आणि नकारही. 'अंगठाबहाद्दर' आणि 'अंगठाछाप' हे शब्द मात्र तिसऱ्याच गोष्टीचे, म्हणजे हिणवण्याचे. ज्याला अक्षर येत नाही त्याने शरीर पुढे करायचे, ही त्यामागची जाणीव. 'निशाणी डावा अंगठा' हे शब्द सरकारी कागदांवर इतके रुळले, की रमेश इंगळे-उत्रादकर यांनी साक्षरता मोहिमेची खिल्ली उडवणाऱ्या कादंबरीला तेच नाव दिले. (एकलव्य या विषयावरच्या प्रत्येक लेखात हजेरी लावतो. त्याला इथे सुट्टी.)

त्याआधी निशाणी म्हणजे अंगठाच, असे नव्हते. मराठेशाहीतल्या महजरांवर लिहिता न येणाऱ्यांच्या नावापुढे त्यांच्या धंद्याची खूण काढलेली सापडते. कुणब्या-पाटलाच्या नावापुढे नांगर हे त्यातले सर्वांत ओळखीचे उदाहरण. नांगराचे ते चित्र कोणालाही काढता आले असते, त्यात वेगळेपण असे काहीच नाही. त्या कागदाला जोर होता तो भोवती बसलेल्या गोताच्या साक्षीचा. माणूस कोण हे चार माणसे सांगत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही. गोत ज्याला ओळखी त्याची जात आधी ओळखी. ज्याची साक्षच धरली जात नसे त्याला, बाईला, परगावाहून पोट भरायला आलेल्याला तिथे ओळख नव्हती. पाटलाच्या किंवा सरपंचाच्या दाखल्यावाचून ज्याचे काहीच होत नाही अशा माणसाला थेट राज्यसंस्थेकडून मिळालेला क्रमांक ही सुटका वाटू शकते. आधारच्या बाजूने केला जाणारा हा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे, आणि आधारचे टीकाकार त्याला बगल देतात तेव्हा त्यांचे लिखाण कच्चे राहते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले, ते उगाच नव्हे. ज्यांच्यापाशी कागद नाही त्यांना कागद, अशी ती मांडणी होती.

पण बोटाच्या ठशाचा जन्म अशा कणवेतून झालेला नाही. जुलै १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरचा तरुण अधिकारी विल्यम हर्शेल याने रस्त्याच्या मालाचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळव्याला शिक्क्याची शाई फासली आणि करारनाम्याच्या पाठीवर तो पंजा उमटवून घेतला. बंड नुकतेच शमत होते. हर्शेलने म्हातारपणी, १९१६ साली, या शोधाची हकिकत लिहिली. तो स्वच्छ सांगतो, की त्या क्षणी ओळख पटवणे हा हेतू नव्हताच. पुढे सही नाकारण्याचा विचारही कोनाईच्या मनात येऊ नये इतकी धास्ती त्याला बसावी, एवढेच हवे होते. एका ठशावरून दुसरा ठसा जुळवता येईल याचे शास्त्र तेव्हा कोणापाशी नव्हते. म्हणजे धाक आधी आला आणि शास्त्र मागून आले. याची मजा अशी, की कोनाईने सही नाकारल्याची नोंद कुठेच नाही.

१८७७ मध्ये हुगळीला असताना हर्शेलने ठसे तीन ठिकाणी लागू केले: दस्तनोंदणी, तुरुंग आणि पेन्शन. मेलेल्या पेन्शनराच्या नावावर दुसराच कोणी पैसे उचलतो, ही त्याची तक्रार होती. आज दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेच्या पायऱ्या चढणारे, किंवा २०१४ पासून 'जीवन प्रमाण' यंत्रावर बोट ठेवणारे आपले निवृत्त गुरुजी त्याच हुगळीच्या रांगेत उभे आहेत. पुढे फ्रान्सिस गाल्टनने १८९२ मध्ये पुस्तक लिहून ठशांना गणिताचा आधार दिला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठसे-कार्यालय निघाले. तिथली वर्गीकरणाची पद्धत 'हेन्री पद्धत' म्हणून जगभर गेली. तिचे गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांनी रचले होते. माणसाची निर्विवाद ओळख पटवणाऱ्या पद्धतीच्या नावात तिच्या कर्त्यांचीच ओळख नाही!

एडवर्ड हेन्री हा बंगालचा पोलीस-प्रमुख. १९०० मध्ये त्याला बोअर युद्धाच्या धामधुमीत दक्षिण आफ्रिकेत पोलिसांची घडी बसवायला धाडले आणि बंगालची शाई जोहान्सबर्गला पोचली. पुढे जे घडले ते जनस्वीकृतीच्या प्रश्नावरचे मला माहीत असलेले सर्वांत खोल प्रकरण आहे. संशोधन-लेखांच्या यादीत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. दक्षिण आफ्रिकेचे इतिहासकार कीथ ब्रेकनरिज यांचे २०१४ चे 'बायोमेट्रिक स्टेट' हे पुस्तक याला अपवाद.

ऑगस्ट १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने वटहुकुमाचा मसुदा काढला, की प्रत्येक आशियाई माणसाने नव्याने नोंदणी करावी आणि दहाही बोटांचे ठसे द्यावेत. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांची सभा भरली आणि हा कायदा न मानण्याची शपथ घेतली गेली. सत्याग्रहाची सुरुवात आपण याच दिवसापासून मोजतो. सुरुवातीचा प्रश्न बोटांच्या ठशांचा होता, हे मात्र शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकते. गांधी आपल्या इतिहासात सांगतात, की एका पोलीस अधिकाऱ्याचे या विषयावरचे पुस्तक त्यांनी वाचले. त्यातून त्यांना कळले, की कायद्याने दहा बोटांचे ठसे घेतात ते फक्त गुन्हेगारांचे.

जानेवारी १९०८ च्या अखेरीस स्मट्स आणि गांधी यांच्यात तडजोड झाली. हिंदी लोकांनी आपणहून नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल. शिकलेल्यांना ठशांऐवजी सहीवर भागवण्याची मुभा होती. गांधींनी सांगितले, की मी स्वतः दहाही बोटांचे ठसे देणार. सभेत एका पठाणाने उभे राहून विचारले, की ठसे गुन्हेगारांचे घेतात असे तुम्हीच शिकवलेत ना? मग आता काय झाले? गांधींच्या उत्तराचा आशय असा, की सक्तीने द्यायला लावणे हा अपमान होता. सक्ती गेली. काल जे देणे पाप होते तेच आज खुशीने देणे हे सभ्यपणाचे लक्षण आहे. पठाणाचे समाधान झाले नाही. १० फेब्रुवारीला नोंदणीसाठी निघालेल्या गांधींना मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी रस्त्यात गाठून बेशुद्ध होईतो मारले. शुद्धीवर आल्यावर, रेव्हरंड डोक यांच्या घरी पडल्या पडल्या, गांधींनी नोंदणी-अधिकाऱ्याला कागद घेऊन बोलावले आणि ठसे दिले. सरकारने कायदा मागे घेतला नाही. १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर नोंदणीपत्रे कढईत जाळण्यात आली.

या प्रकरणात गांधी बरोबर की पठाण, हा प्रश्न मी बरीच वर्षे मनात घोळवला आहे. तत्त्व म्हणून गांधी बरोबर आहेत. तोच ठसा, तीच शाई, पण नाकारता येत असताना दिला तर ती संमती असते आणि नाकारता येत नसताना दिला तर हुकूमपालन. बोट किती पवित्र, यंत्र किती सुबक, याचा याच्याशी संबंध नाही. पण पठाणाला जे दिसत होते ते गांधींना त्या दिवशी दिसत नव्हते. संमती एकदा दिली, की ठसा कागदावर राहतो, कागद सरकारकडे राहतो आणि वचन मोडले तर ठसा परत घेता येत नाही. नोंदणीपत्र जाळता येते. कचेरीतल्या दप्तरातला ठसा कोणी जाळायचा? आज ज्याला आपण विदासुरक्षा म्हणतो त्या प्रश्नाचा गाभा या शंकेत आहे. आणि सहीची ती मुभाही विसरू नये. शिकलेल्याला सही, न शिकलेल्याला बोटे. स्वीकाराचा प्रश्न अखेर कोणापाशी येऊन थांबतो, हे १९०८ मध्येच ठरले होते.

आता यंत्रात शिरू. ते टाळून या विषयावर केलेली टीका भावनिक होते.

ठसा घेणारे यंत्र बोटाचे चित्र तसेच्या तसे ताडत नाही. रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते अशा बिंदूंचा ते नकाशा करते आणि आधी साठवलेल्या नकाशाशी जुळवून एक गुणांक काढते. एकाच बोटाचे दोन ठसे कधीही हुबेहूब येत नाहीत. दाब बदलतो, घाम असतो, कातडी कोरडी असते. म्हणून यंत्र 'हाच तो' असे कधी म्हणत नाही. ते 'इतका जुळला' असे म्हणते. किती जुळला म्हणजे 'हाच' मानायचा, ही उंबरठ्याची रेघ माणूस ठरवतो. रेघ वर नेली तर भामटे आत येण्याचे प्रमाण घटते आणि खऱ्या माणसांना बाहेर ठेवण्याचे वाढते. खाली आणली तर उलटे होते. दोन्ही चुका एकाच वेळी कमी करायच्या तर अधिक बोटे, अधिक चांगले यंत्र, अधिक खर्च हवा. त्याच यंत्रात, त्याच बोटावर, नुसती रेघ हलवून ते साधत नाही.

सुरक्षितता आणि स्वीकृती ही दोन प्रकरणे वेगळी नाहीत असे मी म्हणतो ते याच रेघेमुळे. सुरक्षिततेचा खर्च खऱ्या माणसाला मिळालेल्या नकारात मोजला जातो. बँकेत चुकून भलत्याला आत घेतले तर खातेदार बुडतो, तेव्हा रेघ वर हवी. रेशनच्या दुकानात चुकून खऱ्याला परत पाठवले तर घरात चूल पेटत नाही, तिथे चार किलो गहू चुकून भलत्याला गेला तर आभाळ कोसळत नाही, तेव्हा रेघ खाली हवी. कोणती चूक अधिक वाईट, हा प्रश्न नीतीचा आहे. तो तांत्रिक समितीच्या दालनात एका आकड्याच्या रूपाने सुटतो आणि ज्याच्या बोटावर तो चालवायचा त्याला त्या दालनाचा पत्ताही माहीत नसतो.

आणि बोटेही सगळ्यांची सारखी नसतात. कोयता धरणाऱ्या ऊसतोड कामगाराची, पाथरवटाची, सोलापुरात दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची, भांडी घासणाऱ्या मावशींची बोटे झिजलेली असतात. म्हातारपणी रेषा पुसट होतात. २००४ च्या त्या तक्त्यात बोटांच्या ठशांचा टिकाऊपणा 'उच्च' आहे. मिशिगनमध्ये बसून तो तसाच दिसणार.

मराठवाड्यातल्या रेशन दुकानांसमोर उभे राहिले, की एक वाक्य ऐकू येते: 'थंब लागत नाही.' या वाक्यात कर्ता नाही. यंत्र चुकले, असे त्यात नाही. सरकारने चुकीचे यंत्र आणले, असेही नाही. कोकणात देवळात कौल लागत नाही म्हणतात, त्यातला हा 'लागत नाही' आहे. मग गुरवापुढे बसावे तसे दुकानदारापुढे बसायचे. बोट पदराला पुसायचे, केसांतून फिरवून तेलकट करायचे, दुसरे बोट लावायचे, उद्या सकाळी रेंज बरी असते म्हणून उद्या यायचे. हा जो सहनशीलपणा आहे त्याला पाहणीच्या कागदावर 'स्वीकृती' असे नाव मिळते. २०१९ च्या 'स्टेट ऑफ आधार' या मोठ्या पाहणीत ९२ टक्के लोकांनी आपण आधारबाबत समाधानी असल्याचे सांगितले. हा आकडा खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे, की ज्या व्यवस्थेवाचून धान्य, पेन्शन आणि मजुरी मिळत नाही तिच्याबद्दलचे समाधान, आणि नाकारता येणाऱ्या वस्तूबद्दलचे समाधान, हे एकाच मापाने मोजता येत नाही.

आकड्यांविषयी आणखी थोडे. प्राधिकरणाने जानेवारी २०१२ मध्ये, ८ कोटी ४० लाख नोंदी झाल्यावर, एक अहवाल काढला. नव्या माणसाला चुकून जुन्याशी जुळवण्याचे प्रमाण ०.०५७ टक्के आणि दुबार आलेला माणूस निसटण्याचे प्रमाण ०.०३५ टक्के, असे त्यात म्हटले होते. इतक्या मोठ्या संख्येवर हे काम उत्तमच. पण हाच दर १२० कोटींवर कायम राहिला असे धरले तरी ६ लाख ८४ हजार माणसे 'तू आधीच आला आहेस' या संशयात सापडतात आणि हाताने तपासावी लागतात. दुसऱ्या बाजूला, महालेखापालांच्या २०२२ मध्ये आलेल्या अहवालानुसार नोव्हेंबर २०१९ पर्यंत पावणेपाच लाखांहून अधिक आधार क्रमांक दुबार म्हणून रद्द करावे लागले. त्याच अहवालातली दुसरी नोंद मला अधिक बोलकी वाटते. २०१८-१९ मध्ये झालेल्या ३ कोटी ४ लाख बायोमेट्रिक दुरुस्त्यांपैकी ७३ टक्क्यांहून अधिक दुरुस्त्या लोकांनी स्वतः पैसे भरून करून घेतल्या होत्या, कारण आधी टिपलेले ठसे सदोष होते. टिपण्यात खोट राहिली सरकारी यंत्रणेच्या आणि तिचा भुर्दंड पडला बोटाच्या मालकाला.

सर्वोच्च न्यायालयाचा २६ सप्टेंबर २०१८ चा निकाल या सगळ्यावरचा सर्वांत मोठा मजकूर आहे, आणि मजकूर म्हणूनही तो वाचला पाहिजे. न्या. सिक्री यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाची सुरुवात एका सुभाषितवजा वाक्याने होते: सर्वोत्तम असण्यापेक्षा एकमेव असणे बरे. माणसाच्या एकमेवपणाची ही स्तुती एका बारा आकडी क्रमांकाच्या समर्थनार्थ केली आहे, हे लक्षात आले की थांबायला होते. वेगळेपणाच्या रकान्यात 'उच्च' मिळणे आणि व्यक्ती म्हणून अद्वितीय असणे या दोन गोष्टी त्या वाक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. पुढे वगळल्या गेलेल्यांचा मुद्दा येतो तेव्हा निकाल म्हणतो, की बायोमेट्रिकची अचूकता ९९.७६ टक्के असल्याचा दावा आहे; योजना रद्द केली तर ९९.७६ टक्के लाभार्थींचे नुकसान होईल; हे म्हणजे पाण्याबरोबर बाळही फेकणे होय. इथे एक उडी आहे. अचूकता हा यंत्राचा गुण आणि लाभार्थी ही माणसे. यंत्राची टक्केवारी वाक्याच्या मध्यावर माणसांची टक्केवारी होते. उरलेले पाव टक्क्याच्या आतबाहेरचे लोक मग बाळ राहत नाहीत, पाणी होतात.

न्या. चंद्रचूड यांच्या भिन्नमताच्या निकालात प्राधिकरणानेच दिलेले वेगळे आकडे नोंदले आहेत: देशभरात ठशांची पडताळणी फसण्याचे प्रमाण ६ टक्के, बुबुळांची ८.५४ टक्के. पडताळणी फसली म्हणजे लाभ नाकारला असे नव्हे, हे प्राधिकरणाचे म्हणणे होते आणि ते तर्काला धरून आहे. पण मग फसलेल्या पडताळणीनंतर त्या माणसाचे काय झाले, हे कोणी तरी मोजायला हवे होते. भिन्नमताचा निष्कर्ष असा, की माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क गणिती शक्यतांवर सोपवता येत नाहीत. तो निकाल हरला. मात्र त्याने प्रश्न योग्य जागी ठेवला.

कोणी मोजले? झारखंडमध्ये मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी १३२ तालुकासदृश विभागांत यदृच्छेने निवड करून अभ्यास केला. रेशनवर ठशांची सक्ती आल्याने सरासरी गळती मोजण्याइतकी कमी झाली नाही. लाभार्थींचे हेलपाटे वाढले. ज्यांची कार्डे आधारशी जोडलेली नव्हती त्यांना मिळणारा लाभ सुमारे दहा टक्क्यांनी घटला. पुढे जुन्या साठ्याचा हिशेब मागितला गेला तेव्हा गळती घटली खरी, पण त्या कपातीचा काही भाग खऱ्या कार्डधारकांच्या ताटातून गेला. म्हणजे भामटा आणि भुकेला यांना यंत्र एकाच चाळणीने चाळत होते.

भामट्यांची गोष्ट दोन परिच्छेदांत आटोपती घेतो, कारण ती वर्तमानपत्रांतून पुष्कळ आली आहे. २००२ मध्ये योकोहामाच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनची, म्हणजे खाण्याच्या जेलीची, बोटे बनवून बाजारातली अकरा यंत्रे फसवून दाखवली. २००८ मध्ये जर्मनीतल्या एका संगणक-मंडळाने ठशांचा पुरस्कार करणाऱ्या गृहमंत्र्याचाच ठसा आपल्या मासिकात छापला, बोटाला चिकटवता येईल अशा पापुद्र्यासह. २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या कार्मिक कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोटे दहाच असतात.

आपल्याकडचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. २००१ मध्ये नोंदणी कायद्यात ३२-अ हे कलम आले आणि मालमत्तेच्या दस्तावर छायाचित्र व बोटांचे ठसे लावणे सक्तीचे झाले. हेतू फसवणूक रोखण्याचा, अगदी हर्शेलचाच. मग दस्त संकेतस्थळांवर पाहण्यासाठी खुले झाले. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड-विक्रेत्याने हे दस्तांवरचे ठसे उतरवून घेऊन त्यांचे रबरी अंगठे केले आणि त्यांच्यावर सिमकार्डे चालू केली, तेव्हा त्यात कुठली तिजोरी फोडावी लागली नाही. जो ठसा पूर्वी फक्त पुरावा होता तो आता किल्ली झाला होता, आणि किल्ली चौकात टांगलेली होती. नंतर आधारवरून पैसे काढून देणाऱ्या बँकमित्रांच्या यंत्रांवरही हाच प्रकार झाला. ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. ती वापरायला मोबाइल आणि अक्षर, दोन्ही लागतात.

या अंकाचे वाचक म्हणतील, की आम्ही तर दिवसातून पन्नास वेळा फोनला अंगठा लावतो आणि आमची काही तक्रार नाही. ही स्वीकृती खरी आहे. पण ती कशामुळे खरी आहे ते पाहावे. फोनमधला ठसा सहसा फोनच्या बाहेर जात नाही. आणि तो पाच वेळा जुळला नाही, तर पडद्यावर शांतपणे आकड्यांचा पिन विचारला जातो. भाजी चिरून बोट कापले तरी आपला फोन उघडतो. ट्रान्सवालमधल्या शिकलेल्यांना सही होती, आपल्याला पिन आहे. ई-पॉस यंत्रासमोरच्या बाईला मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा मिळू शकतो, पण तोही जोडलेला फोन ऊसतोडीला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. बोट तेच, तंत्रज्ञान जवळपास तेच. फरक आहे तो यंत्राने नाही म्हटल्यावर पुढे कोण आणि काय, एवढाच. दोन्हीकडच्या माणसांना एका रकान्यात 'मध्यम' असे लिहिणारा तक्ता हा फरक दाखवू शकत नाही.

वास्तविक ही वाट नियमांत आहे. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी प्राधिकरणाने परिपत्रक काढले, की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कोणाचे रेशन अडवू नये. दुसऱ्या ओळखपत्रावर धान्य द्यावे आणि तशी नोंद अपवादाच्या वहीत करावी. डिसेंबरमध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवालयानेही याच आशयाच्या सूचना सर्व खात्यांना दिल्या. महजरावरच्या गोतसाक्षीची ही नवी आवृत्ती म्हणता येईल: यंत्र नाही म्हणाले तरी माणसाने माणसाला ओळखावे आणि त्याची लेखी जबाबदारी घ्यावी. उंबरठ्याची रेघ कुठेही असो, ही वही चालू असेल तर चुकीच्या नकाराला उत्तर आहे आणि नकार किती झाले याचा हिशेबही आहे. जनस्वीकृतीवर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यापीठातल्या मंडळींनी प्रश्नावल्या वाटण्याआधी या वह्या गोळा कराव्यात, असे मी दोन प्राध्यापकांना सुचवले. दोघांनीही अशी वही असते हे प्रथमच ऐकले.

गेल्या दोन वर्षांत मी जिथे जिथे ती मागितली तिथे बहुतेक दुकानदारांना माझे बोलणे कळले नाही. एका तालुक्याच्या गावी मात्र ती निघाली, तांदळाच्या पोत्यामागून. लांबट वही, हाताने आखलेली. रकाने पाच: तारीख, नाव, कार्ड क्रमांक, थंब न लागण्याचे कारण, आणि शेवटचा, सही अथवा अंगठा. पहिल्या पानावर सहा नोंदी होत्या, सगळ्या एकाच महिन्यातल्या. कारणाच्या रकान्यात 'वय' आणि 'रेषा नाही' असे लिहिले होते आणि शेवटच्या रकान्यात सहाही ठिकाणी जांभळ्या शाईचे डावे अंगठे होते, पुसट, पण माणसाच्या डोळ्याला सहज दिसणारे. पुढची पाने कोरी का, असे विचारले तेव्हा दुकानदार म्हणाला, "सुरुवातीला तपासायला साहेब आले होते. नंतर वही कोणी मागितली नाही."